चीनचा शैक्षणिक दौरा: दाखवलेलं नको, दिसलेलं सांगा

फळापुसणी (धागाकर्ती):
येत्या मे महिन्यात आमच्या शाळेचा नववीचा गट चीनला न्यायचं घाटतंय. आपल्याला सुट्टी असते तेव्हा तिथल्या शाळा भरलेल्या असतात, हा मोठाच फायदा. माहितीपत्रकात रोबोट, बुलेट ट्रेन, चिनी भिंत हे सगळं आहेच. जाऊन आलेल्यांनी कार्यक्रमपत्रिकेत नसलेलं, आपसूक दिसलेलं लिहा.

माझ्यापासून सुरुवात. मागे शिक्षकांच्या गटातून बीजिंगच्या एका प्राथमिक शाळेत गेले होते. डिजिटल फळ्याचं कौतुक ऐकत असताना कर्ण्यावर संगीत लागलं आणि अख्खा वर्ग डोळे मिटून, आकड्यांच्या तालावर भुवया नि नाकाचं मूळ दाबायला लागला. हा डोळ्यांचा व्यायाम १९६० च्या दशकापासून तिथल्या शाळांत चालत आलाय. तरी निम्म्या वर्गाला चष्मा! उपयोग होतो का, असं विचारल्यावर बाई नुसत्या हसल्या. शेवटच्या बाकावरचा एक पठ्ठ्या मात्र एक डोळा किलकिला करून आम्हाला न्याहाळत होता.

तिरकीरेघ:
आम्हाला एका शाळेत इंग्रजीचा तास दाखवला. प्रश्न संपायच्या आत हात वर, उत्तर चोख, एकही मूल अडखळत नाही. आपल्याकडे तपासणीच्या दिवशी काय होतं ते शिक्षकाला सांगायला नको. खरी शाळा मधल्या सुट्टीत भेटली. पिसांचं फूल पायाने हवेत उडवत ठेवायचा खेळ पोरं खेळत होती. आमच्यातल्या मुलींना त्यांनी आत ओढलं, आणि मग मोडकंतोडकं, चुकांनी भरलेलं, झकास इंग्रजी कानावर पडलं. तुमच्या एजंटला सांगा, एक तास कमी दाखवा, पण मधली सुट्टी पूर्ण द्या.

मीठभाकर:
+१. जेवणानंतरचा वर्गही बघाच. पडदे ओढलेले, सगळी मुलं बाकावर डोकं टेकून झोपलेली. आमच्या एकाला वाटलं, वर्गाला शिक्षा झालीय. झोप उडाली की झाडू, फडकी घेऊन पाळीची मुलं कामाला. पाणी मागाल तर गरम मिळेल, मे महिन्यातही. बाटल्या जवळ ठेवा.

आडवाटेचा:
बीजिंगमध्ये राजवाड्याइतकाच (फॉरबिडन सिटी) वेळ कन्फ्यूशियसच्या मंदिराला द्या. मुलगा दहावीत असताना त्याच्या गटाबरोबर पालक म्हणून गेलो होतो. अंगणात १९८ शिलालेख आहेत, त्यांवर राजदरबारी परीक्षेत सर्वोच्च पदवी मिळवलेल्या ५१,६२४ जणांची नावं, गावासकट. युआन, मिंग, छिंग, तीन राजवटींची गुणवत्ता यादी दगडात! ती परीक्षा १९०५ मध्ये बंद झाली. पण त्याच आवारात लाल पाट्या टांगलेल्या दिसतात, परीक्षेसाठी बोललेल्या नवसांच्या. गाओकाओ, म्हणजे त्यांची विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा, ७ जूनला सुरू होते, त्यामुळे मे अखेरीला गर्दी. गाइडने एक पाटी वाचून दाखवली: गणित सोपं येऊ दे. चिरंजीव तेवढ्यापुरते अंतर्मुख झाले. शेजारीच जुनं राजविद्यालय आहे, तेही चुकवू नका.

चिंचोका:
शीआनला सगळे मातीच्या सैन्यासाठी, म्हणजे सम्राटाच्या कबरीजवळ पुरलेल्या सैनिकांच्या पुतळ्यांसाठी जातात. जावंच. १९७४ मध्ये विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना ते सापडलं, ही गोष्ट मुलांना आवडते. पण माझं मन रमलं 'शिलालेखांच्या वनात', म्हणजे तिथल्या शिलालेखांच्या संग्रहालयात. ८३७ साली अभिजात ग्रंथ दगडावर कोरून ठेवले, का, तर नकलून घेताना पाठभेद नकोत. म्हणजे सरकारी पाठ्यपुस्तकच, फक्त दप्तरात न मावणारं.

आणि मोठा हंस मनोरा. युआनच्वांगने (आपला ह्युएन त्संग) भारतातून नेलेल्या पोथ्यांसाठी तो ६५२ मध्ये बांधायला घेतला. हा भिक्षू पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला. इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, अशी नोंद त्याने केलीय. आमच्या मुलांनी हे तिथल्या यजमान शाळेतल्या मुलांना सांगितलं. त्यांना तो त्यांच्या जुन्या कादंबरीतल्या माकडाच्या गोष्टीतला गुरुजी म्हणून पाठ, खरोखर आपल्या गावांकडे येऊन गेलेला माणूस म्हणून नाही. त्यानंतर अर्धा तास दोन्हीकडची मुलं मोबाइलवर नकाशे उघडून बसली. माझ्या मते अख्ख्या दौऱ्यातला तो एकमेव खरा तास.

सोलापुरी_चादर:
आम्ही सोलापूरकर, त्यामुळे शिजियाझुआंगचा हट्ट धरला. बीजिंगहून वेगवान रेल्वेने सहज होतं. तिथल्या हुतात्मा स्मशानभूमीत डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा पुतळा आहे. १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांपैकी ते एक. ९ डिसेंबर १९४२ ला तिकडेच गेले, वय ३२. मुलांना ही माहिती पाठ्यपुस्तकात असते, त्यात काही वाटत नाही. पण पुतळ्यापाशी ताजी फुलं बघून एकीने विचारलं, "सर, आपल्या गावातल्या त्यांच्या घरी आपण कधी का गेलो नाही?" आता दरवर्षी सहावीला भैय्या चौकातल्या स्मारकात नेतो. चीनपेक्षा स्वस्त पडतं!

फळापुसणी:
वा, शिजियाझुआंग यादीत घातलंच. आता एक किरकोळ प्रश्न: गटात बरीच शाकाहारी मुलं आहेत, काय खातील?

मीठभाकर:
भात, चिरलेल्या बटाट्याची परतलेली भाजी, हिरव्या पालेभाज्या. पण "चरबीत केलंय का" हे दर वेळी विचारायला लावा, नुसतं "मांस नको" पुरत नाही. अंडं चालत असेल तर टोमॅटो-अंडं सगळीकडे मिळतं. मेतकूट, चटणी न्याच.

आडवाटेचा:
राजवाडा सोमवारी बंद असतो आणि तिकिटं पासपोर्टवर आधीच काढावी लागतात. एजंट "तिथे बघू" म्हणाला तर ऐकू नका.