लोक 'नको' म्हणत असताना निर्णय रेटणं: धाडस की हेका?

सडेतोड:
१९५५ साली स्वीडनमध्ये सार्वमत झालं: वाहतूक डावीकडून उजवीकडे न्यायची का? ८३ टक्के लोक 'नको' म्हणाले. पण शेजारचे नॉर्वे आणि फिनलंड उजवीकडून चालायचे, आणि स्वीडनमधल्याच बहुतेक गाड्यांचं स्टिअरिंग डाव्या बाजूला होतं. ओव्हरटेक करताना चालकाला समोरून येणारं दिसायचंच नाही. सार्वमत सल्ल्यापुरतं होतं, म्हणून १९६३ला संसदेने ते बाजूला ठेवून निर्णय घेतला. चार वर्षं तयारी केली. ३ सप्टेंबर १९६७, रविवार: पहाटे ४:५० ला गाड्या थांबवल्या, पलीकडच्या बाजूला नेल्या, ५ वाजता सोडल्या. लोकांच्या कलाने जायचं असतं तर हे झालंच नसतं. नेता वाट दाखवायला असतो, वाऱ्याची दिशा सांगायला नाही.

उलटतपासणी:
यशस्वी झालं की धाडस, फसलं की हेका, असं मागाहून ठरवणं सोपं आहे हो. ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचरबाईंचा पोल टॅक्स घ्या. घराच्या अंदाजे भाड्यावर ठरणारा कर काढून माणशी कर लावला. बंगल्यातल्याला आणि खोलीतल्याला आकार सारखाच. गरिबांना सवलत होती, पण तीही पूर्ण नव्हती. १९८९ला स्कॉटलंडमध्ये आधी लागू केला, तिथे लोकांनी भरायचंच नाकारलं. तरी १९९०ला इंग्लंड आणि वेल्समध्ये आणलाच. मार्चमध्ये लंडनला दंगल, नोव्हेंबरमध्ये बाईंचं पद गेलं, १९९३ला कर गेला. बाईंना धाडस कमी होतं, असं त्यांचे शत्रूही म्हणणार नाहीत. वर्षभर आधी मिळालेला इशारा वाचला नाही, एवढंच.

खोलात_जाऊ:
दोघेही 'रेटायचं की नाही' यावर अडकला आहात. क्रमाचं बघा. गर्दीच्या वेळी शहरात शिरणाऱ्या गाड्यांवर कर: स्कॉटलंडमधल्या एडिंबरोने २००५ला आधी मत विचारलं, जवळपास तीन चतुर्थांश लोकांनी उडवून लावलं. स्वीडनची राजधानी स्टॉकहोमने आधी करून दाखवलं, मग विचारलं. ऑगस्ट २००५ला जादा बस सुरू केल्या, कर अजून नव्हता. ३ जानेवारी ते ३१ जुलै २००६ कर लावला: वेळेनुसार १०, १५ किंवा २० स्वीडिश क्रोनर, दिवसाला जास्तीत जास्त ६०. वाहतूक साधारण पाचव्या हिश्शाने घटली. मग कर बंद केला आणि गर्दी बरीचशी परतली, लोकांच्या डोळ्यांदेखत! सप्टेंबरमध्ये मतदान घेतलं, शहराने कराच्या बाजूने निसटता कौल दिला, ऑगस्ट २००७पासून कर कायम झाला. खर्च आज दिसतो आणि फायदा कल्पनेतच असतो, तेव्हा माणूस 'नको'च म्हणतो. त्याला मूर्ख का समजायचं?

उलटतपासणी:
अर्धीच गोष्ट सांगितलीत. तिथल्या महापौरांनी २००२च्या निवडणुकीआधी हा कर आणणार नाही असं वचन दिलं होतं. ते मोडून प्रयोग झाला. आणि मतदान शहरापुरतं मोजलं. ज्या शेजारच्या पालिकांनी आपापलं मतदान घेतलं, तिथे बहुतेक ठिकाणी 'नको' आलं. रोज कर भरून आत येणारे तेच ना?

खोलात_जाऊ:
वचनाचा मुद्दा मान्य, त्याला उत्तर नाही. कराच्या मतदानासोबतच झालेल्या २००६च्या निवडणुकीत त्यांची सत्ता गेली. कर मात्र राहिला, आणि तोही विरोधातून आलेल्यांनी ठेवला. एवढंच की त्याचा पैसा रस्त्यांकडे वळवला.

सडेतोड:
मग वचन न मोडता कसं करायचं, तेही बघा. फ्रान्सच्या अध्यक्षपदाचे उमेदवार मितराँ यांनी १९८१च्या निवडणुकीआधीच टीव्हीवर सांगून टाकलं की मी फाशीच्या विरोधात आहे. तेव्हा बहुमत फाशीच्या बाजूचं होतं. तरी निवडून आले, आणि सप्टेंबरमध्ये फ्रान्सच्या नॅशनल असेंब्लीने ३६३ विरुद्ध ११७ मतांनी फाशी रद्द केली.

उलटतपासणी:
हे मला चालतं. पण त्यांना मतं फाशीच्या मुद्द्यावर मिळाली का? मतपत्रिकेवर नाव एकच, त्यामागे मुद्दे शंभर.

खोलात_जाऊ:
म्हणून जनमत पाहणी वाचताना टक्केवारीइतकंच आणखी एक विचारावं: या एका मुद्द्यावरून तुम्ही दुसऱ्या उमेदवाराला मत द्याल का? फाशीवर बरेच जण 'हवी' म्हणतील, पण तेवढ्यासाठी मत बदलणारे थोडे. पोल टॅक्सचं बिल मात्र प्रत्येकाच्या दारात पडत होतं.