घरासाठी 12 बोअर: धक्का कमी कसा करायचा?

मुरारकर (ग्वाल्हेर)
शेतावरच्या घरासाठी बंदूक घ्यायची आहे. माझा परवाना आहे, बायकोनेही वेगळा अर्ज केलाय. तिची उंची पाच फूट एक इंच. दुकानदार म्हणतो, "20 बोअर (12पेक्षा बारीक नळीची) घ्या, हलकी पडेल." आजोबांची 12 बोअर दुनाळीसुद्धा परवान्यावर चढलेली आहे: जुनी इंग्लिश, नळ्यांवर लाटांसारखी नक्षी. तीच नीट करून घ्यावी, की नवी बघावी?

दुनाळी
आजोबांची आधी बाजूला ठेवा. लाटांची नक्षी म्हणजे दमास्कस नळी (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या गुंडाळून जोडलेली), बहुतेक काळ्या दारूच्या जमान्यातली. त्यातून चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) 65 मिलिमीटरचं असेल तर 70चं काडतूस आत बसतं, पण उडाल्यावर त्याचं तोंड पूर्ण उघडायला जागा मिळत नाही आणि दाब चढतो. बसलं म्हणजे चालतं, असं नाही. जाणत्या कारागिराने चेंबर मोजून नळी तपासल्याशिवाय एकही बार नको. आणि 2019च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच शस्त्रं, त्यात ही एक धरली जाते.

आता 20 बोअर. धक्का बोअरवर ठरत नाही. छर्‍यांचं वजन, त्यांचा वेग आणि बंदुकीचं वजन यांवर ठरतो. वेग सेकंदाला 390 मीटर धरून ढोबळ हिशेब:

12 बोअर, 2.7 किलो, 32 ग्रॅम छर्रे: सुमारे 39 जूल
20 बोअर, 2.7 किलो, 28 ग्रॅम: सुमारे 30
12 बोअर, 3.3 किलो, 24 ग्रॅम: सुमारे 20

म्हणजे वजनदार 12 आणि हलकं काडतूस हीच जोडी खांद्याला सोसवते. दुकानात हातात हलकी लागणारी बंदूक खांद्यावर जड पडते. 24 ग्रॅम म्हणजे काही खेळणं नव्हे, ऑलिंपिक ट्रॅपमध्ये (उडत्या चकत्यांच्या नेमबाजीत) तेच वापरतात. शिवाय 12 आणि 20 एका घरात नकोच. 20चं काडतूस चुकून 12च्या नळीत गेलं तर घसरून पुढे अडकतं, नळी रिकामी वाटते, मागून 12चं भरून चाप ओढला की नळी फुटते.

छावणीतला
वरचं बरोबर, पण दस्त्याचं (खांद्याला टेकतो त्या लाकडाचं) कोणी बोललंच नाही. निम्मं दुखणं तिथेच असतं. जुन्या दुनाळीचा दस्ता चापापासून साधारण साडेचौदा इंच असतो. पाच फूट एकच्या माणसाला सव्वातेराच्या आसपास लागेल. लांब दस्ता कपड्यात अडकतो, खांद्याच्या खोबणीऐवजी दंडावर टेकतो, मग काळानिळा डाग ठरलेला. फार आखूड केला तर अंगठा नाकावर आदळतो.

एक इंची रबरी पॅड लावायचं असेल तर लाकूड सव्वादोन इंच कापावं लागतं (14.5 − 2.25 + 1 = 13.25). कापलेला तुकडा जपा, पुढे परत जोडता येतो. काप सरळ सोडू नका, आधीचा उतार कायम ठेवायला सांगा, नाहीतर खालचं टोक छातीत रुततं. लाकूड गेल्यावर बंदूक तोंडाकडे जड होते, हेही लक्षात ठेवा. आणि हो, दस्ता कापा, नळी नाही: शस्त्र कायद्याच्या कलम 6 नुसार विनापरवाना नळी आखूड करणं गुन्हा आहे.

मुरारकर
पंप ॲक्शन (पुढची पकड मागेपुढे ओढून काडतूस भरणारी) कशी? तिच्यात धक्का कमी असतो म्हणतात.

दुनाळी
तेवढ्याच वजनाला तेवढाच. उलट हात आखूड असला की पुढची पकड अर्धवट ओढली जाते आणि काडतूस अडकतं. घरात दुनाळी बरी: बिजागरीवर मोडून उघडली की दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत की नाही ते डोळ्यांना दिसतं. वापरलेली घेत असाल तर एका बाराच्या धक्क्याने दुसरा उडत नाही ना, हे कारागिराकडून तपासून घ्या. आतले खटके झिजलेले असले की तसं होतं.

छावणीतला
सरावाचं एक. नवशिक्या दचकतो तो धक्क्यापेक्षा आवाजाला. कानात बोळे आणि वरून मफ (कान झाकणाऱ्या वाट्या), दोन्ही वापरा. भार पुढच्या पायावर, दस्ता गळ्याच्या हाडावर नव्हे तर त्याखालच्या खोबणीत, गाल लाकडाला घट्ट. ओढणीची पिन त्या जागी नको. दुसर्‍याने न सांगता मधेच डमी (न उडणारं) काडतूस भरावं: चाप ओढताना नळी खाली गेली तर दचकणं तिथेच उघडं पडतं. पहिल्या दिवशी दहा-बारा बार पुरे. खांदा दुखायच्या आधी थांबा, वाईट सवय दुखतानाच लागते.

आणि बायकोचा परवाना हातात येईपर्यंत सराव फक्त मान्यताप्राप्त रेंजवर. घरात बंदूक एका कुलपात, काडतुसं दुसर्‍यात.