गावच्या तिठ्यावर चार्जर बसवायचा तर कोणता?

दादरकर (मूळ मांडणी):
राजापूर तालुक्यातील आपल्या गावच्या ग्रामपंचायतीने एसटी थांब्यालगतची जागा विजेच्या गाड्यांच्या चार्जिंगसाठी देऊ केली असून, तेथे काय बसवावे हे गावच्या मुंबईतल्या मंडळाने सुचवावे, असे सरपंचांनी कळवले आहे. ६० किलोवॉटच्या एका जलद डीसी चार्जरच्या (थेट बॅटरीत वीज भरणाऱ्या मोठ्या यंत्राच्या) मागे न लागता ७.४ किलोवॉटचे चार एसी पॉइंट (घरच्यासारख्या विजेवर सावकाश गाडी भरणारे) आणि दुचाक्या-रिक्षांसाठी १६ अँपिअरची साधी सॉकेटे बसवावीत, असे माझे मत आहे. आपण चाकरमानी गावी जातो ते निदान दोन-चार दिवसांसाठी, आणि रात्रभर गाडी उभीच असते. ४० युनिटांची बॅटरी पार उतरली असली, तरी ७.४ किलोवॉटवर ती सुमारे सहा तासांत भरते. म्हणजे आरती-भजन आटोपून लावलेली गाडी सकाळच्या चहाला तयार. चार्जिंग केंद्र चालवण्यासाठी २०१८ पासून वेगळा वीजपरवानाही लागत नाही.

मुलुंडकर:
ज्यांचे गावात घर आहे ते पडवीतल्या प्लगवर गाडी लावतीलच. त्यांच्यासाठी मंडळाने वर्गणी का खर्च करावी? सार्वजनिक चार्जर हवा आहे तो वाटसरूला. महामार्गावर दर २५ किलोमीटरवर एक केंद्र असावे, असे केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतच म्हटले होते. गेल्या मे महिन्यात आई-वडिलांना घेऊन येताना मी एका जलद चार्जरपाशी पोहोचलो, तेव्हा बॅटरीत १४ टक्के उरले होते आणि यंत्राच्या पडद्यावर ‘नेटवर्क नाही’ एवढेच दिसत होते. शेवटी शेजारच्या भातगिरणीच्या मालकाने प्लग दिला आणि आम्ही चार तास भाताच्या पोत्यांवर बसून काढले. त्या वेळी आईला तुमचे सहा तासांचे गणित ऐकवले असते, तर तिने काय उत्तर दिले असते, ते येथे लिहिता येणार नाही.

लालबागकर:
मी वायरिंगची कामे करतो, म्हणून दोन गोष्टी सांगतो. थांब्याजवळचा डीपी (वाडीला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर) १०० केव्हीएचा, म्हणजे जास्तीत जास्त शंभरेक किलोवॉटचा भार पेलणारा आहे. त्यावर ६० किलोवॉटचा चार्जर टाकला, तर निम्म्याहून अधिक भार तो एकटाच घेईल आणि गणपतीच्या संध्याकाळी, म्हणजे गाड्यांची रांग असेल नेमक्या त्याच वेळी, वाडीतले दिवे मंद होतील. स्वतंत्र डीपी घ्यायचा, तर खर्चाचा हिशेब पार बदलतो. दुसरे म्हणजे अर्थिंग, म्हणजे गळती झालेली वीज जमिनीत उतरवणारी जोडणी. आपल्याकडचा जांभा दगड उन्हाळ्यात कोरडाठाक पडतो आणि अर्थिंग नीट लागत नाही. माझ्या भावाची गाडी एप्रिलमध्ये घरच्या प्लगवर चार्जच घेईना, चार्जरचा लाल दिवा काही केल्या जाईना. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालून दोन कळशा पाणी ओतले, तेव्हा कुठे हिरवा लागला. एसी असो वा डीसी, पहिला खर्च या खड्ड्यावर करावा.

दादरकर:
मुलुंडकर, तुम्हाला अखेर तारले ते गिरणीतल्या साध्या प्लगानेच, हे तुम्हीच लिहिले आहे. एकच जलद यंत्र बंद पडले की सगळेच बंद. चारांतला एक पॉइंट बिघडला, तर तीन उरतात. शिवाय गावातल्या दुचाकीवाल्याला डीसी चार्जरचा काडीचाही उपयोग नाही. लालबागकरांचा अर्थिंगचा मुद्दा मात्र माझ्या ध्यानात आला नव्हता. तो अंदाजपत्रकात घेतो.

मुलुंडकर:
प्लगाने तारले, पण चार तासांत जेमतेम तेरा युनिटे मिळाली आणि मुक्काम वाटेतच करावा लागला. याला सोय म्हणणे मला पटत नाही. तरीही डीपीची अडचण खरी आहे, हे मान्य करतो. सध्या एसी पॉइंट बसवावेत. मात्र चर खणतानाच मोठ्या केबलसाठी रुंद पाइप टाकावा, पुढे डीसी यंत्र उभे राहील एवढा चौथरा मोकळा ठेवावा आणि नवीन डीपीचा अर्ज याच महिन्यात द्यावा. एवढे ठरावात लिहिले जाणार असेल, तर माझी वर्गणी धरावी. नसेल, तर माझा विरोध नोंदवून घ्यावा.