सहावीतल्या मुलीचं फ्रेंच घरी कसं घ्यायचं? आम्हाला दोघांनाही ओ की ठो येत नाही

सानूची_आई
लेक यंदा सहावीत गेली. शाळेत तिसऱ्या भाषेला संस्कृत नाहीतर फ्रेंच असा चॉईस होता, मैत्रिणींनी फ्रेंच घेतलं म्हणून हिनेही घेतलं. मी आणि नवरा दोघंही संस्कृतवाले, आमची गाडी बोंझूर आणि मेर्सीच्या पुढे जात नाही. आता युनिट टेस्ट तोंडावर आलीये आणि ही बसलीये 'जे सुईस, तू एस, इल एस्ट' घोकत. यूट्यूबवर ऐकलं तर तिथे भलतंच, 'ज स्वी, त्यू ए, इल ए'. मग मी वहीत प्रत्येक शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहून द्यायला लागले तर नवरा म्हणतो नको, कायमची सवय लागेल. क्लास लावायची तयारी आहे पण रोज थोडा वेळ घरी करून घ्यावं असं वाटतं, स्वतःला येत नसताना कसं करतात हे?

खडूफळा
मी शाळेत फ्रेंच शिकवते. तुमच्या मिस्टरांचं ऐका, देवनागरी थांबवा. 'त्यू' तुम्ही लिहिलंत ना, तो आवाज आपल्या लिपीत नाहीच. लेकीला आरशासमोर उभं करा, 'ई' म्हणायला लावा आणि ई म्हणता म्हणता जीभ अजिबात न हलवता फक्त ओठांचा शिट्टी मारताना करतो तसा चंबू करायला सांगा, जो आवाज निघेल तो बरोबर. मुलं हसत हसत पटकन करतात, मोठ्यांनाच लाज वाटते.

दुसरं म्हणजे शेवटची अक्षरं बहुतेक गप्प असतात. सी, आर, एफ, एल शेवटी आले तर बऱ्याचदा ऐकू येतात (बोंझूरमधला र), पण तिथेही अपवाद, 'बोलणे' या क्रियापदाचं मूळ रूप 'पार्ले', लिहिताना शेवटी आर आहे आणि उच्चारात नाही. त्याचीच मी, तू आणि ते ची रूपं लिहायची तीन तऱ्हांनी, शेवटी ई, ई-एस, ई-एन-टी, आणि म्हणायचं तिन्ही वेळा 'पार्ल'. म्हणून नुसतं स्पेलिंग घोकून उच्चार येत नाही आणि नुसतं ऐकून स्पेलिंग येत नाही, दोन्ही लागतं. घरी डिक्टेशन घ्या. तुम्हाला फ्रेंच यायची गरजच नाही, धड्यातलं वाक्य गूगल ट्रान्सलेटमध्ये टाका, स्पीकरचं बटण दाबा, ती ऐकून लिहील, तुम्ही पुस्तकाशी अक्षरं ताडून बघायची. रोज पाच वाक्यं खूप झाली.

चिंचेची_सावली
खडूफळा ताई, पूर्ण असहमत 😀 पहिल्या महिन्यात मुलाला काहीतरी आधार लागतो हो, पेन्सिलने लिहा आणि नंतर खोडा, आमच्याकडे त्याने काही बिघडलं नाही.

आकड्यांचं सांगते, कारण सगळी मुलं तिथेच अडतात. 69 पर्यंत सुरळीत आणि 70 ला एकदम 'साठ-दहा', 71 म्हणजे 'साठ आणि अकरा', 80 म्हणजे 'चार-वीस', 99 म्हणजे 'चार-वीस-दहा-नऊ'. लेक वैतागून रडायला आली तर माझ्या सासूबाई म्हणाल्या यात काय एवढं, आमच्या गावाकडे चार विसा म्हणजे ऐंशीच की! झालं, तेव्हापासून आजी आणि नात विसांतच हिशोब करतात. बाकी आपले एकोणऐंशी, एकोणनव्वद पाठ झालेल्या पोरांनी फ्रेंच आकड्यांना नावं ठेवू नयेत.

माँट्रियलवाला
आमच्याकडे चॉईसच नव्हता. कॅनडातल्या क्यूबेकमध्ये 1977 च्या भाषा कायद्यामुळे बाहेरून आलेल्या बहुतेकांच्या मुलांना सरकारी शाळा फ्रेंचच. मुलगा आधी भाषा शिकवण्याच्या वेगळ्या वर्गात होता, तिथे व्याकरण नंतर, आधी डबा, कोट, दप्तर, बाथरूमला जाऊ का, असलंच सगळं.

तेच घरी करा. जेवायची पानं घेताना तिला वस्तूंची नावं घ्यायला लावा, ग्लास 'अं व्हेर', चमचा 'यून क्वियेर', सुरी 'अं कूतो', ताटली 'यून आसिएत'. मुद्दाम अं (पुल्लिंगी 'एक') किंवा यून (स्त्रीलिंगी 'एक') लावूनच. शाळेत ल/ला (इंग्रजी 'द' सारखं, पुल्लिंगी/स्त्रीलिंगी) लावून पाठ करून घेतात पण स्वर पुढे आला की दोन्हीचं नुसतं ल' होतं आणि ताटली तो की ती तेच कळत नाही. आपल्या मुलांना तो चमचा, ती वाटी, ते ताट याची सवय असतेच, फक्त तिकडे नपुंसकलिंग नाही, त्यामुळे पुस्तक 'तो' आणि घर 'ती'. चंद्रसुद्धा 'ती', यावरून आमच्याकडे जेवताना मोठं भांडण झालंय.

एक सावधगिरी, यूट्यूबवर क्यूबेकचे व्हिडिओ लागले तर जेवणांची नावं बदलतात. आमच्याकडे 'देझने' म्हणजे सकाळचा नाश्ता, 'दिने' दुपारचं जेवण. फ्रान्समध्ये 'देझने' दुपारचं आणि 'दिने' रात्रीचं. टेस्टमध्ये फ्रान्सचंच लिहू दे.

सानूची_आई
आरशाचा प्रयोग आत्ताच केला, तिला जमलं, नवऱ्याला नाही 😂 अजून एक, सोसायटीतल्या एका क्लासवाल्यांनी सांगितलं की डेल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेला बसवा, शाळेचे मार्कही वाढतील. खरंय का? आणि तो घशातला र?

खडूफळा
डेल्फचे मार्क शाळेत धरत नाहीत, ती स्वतंत्र परीक्षा आहे. लहान मुलांसाठी डेल्फ प्रिम असते, ए1.1, ए1 आणि ए2 अशा सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या पातळ्या. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं प्रत्येकी 25, एकूण 100 पैकी 50 ला पास, पण प्रत्येकात किमान 5 हवेत, म्हणजे तोंड न उघडता पास होता येत नाही, हे मला आवडतं. पण पहिल्याच वर्षी घाई कशाला. पुढच्या वर्षी वाटलं तर पुण्या-मुंबईत आलियान्स फ्रान्सेझ या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेत चौकशी करा. तोवर टीव्ही5मोंद या फ्रेंच चॅनेलच्या साईटवर ए1 चे छोटे व्हिडिओ आणि त्यावरचे सराव फुकट आहेत, ते मोठ्यांसाठी केलेत त्यामुळे शेजारी बसून निवडून द्या.

घशातल्या र चं सोडून द्या सध्या. आपला र म्हटला तरी समोरच्याला कळतं, उलट 'त्यू' च्या जागी सरळ 'तू' म्हटलं तर शब्दच बदलतो. आणि चिंचेची सावली, पेन्सिल चालेल, पण खोडरबर तुम्हीच हातात ठेवा.