जॉन राम शहाणा आणि रोरी खुळा?

सुरूच्या बनातून (धागा यांचाच)

परवा 'चाकरमानी' यांनी गोल्फर शेफलरच्या धाग्यात जाता जाता एक पिंक टाकली. जशीच्या तशी देतो: "राम, डिशॅम्बो शहाणे. तीन दिवस खेळा, पैसे घ्या, घरी जा. रोरी तत्त्वाच्या गप्पा मारत बसला आणि त्याची टूरच मागच्या दाराने सौदीशी बोलत होती. रडका कुठला." उत्तर लिहायला घेतलं ते इतकं वाढलं की वेगळा धागा काढतोय. (नव्यांसाठी: तिघेही गोल्फर. टूर म्हणजे अमेरिकेतली जुनी पीजीए टूर, लिव्ह म्हणजे सौदी पैशावरची नवी लीग. राम, डिशॅम्बो लिव्हला गेले, रोरी मॅकिलरॉय टूरवर राहिला.)

मागच्या दाराचं खरं आहे. वर्षभर टूरच्या वतीने रोरीने शिव्या खाल्ल्या, आणि ६ जून २०२३ला टूरने त्याच सौदी पैशाशी समझोता जाहीर केला. त्याला ते कळलं अगदी शेवटी. पण यात खुळा कोण ठरतो? मला तरी टूर दिसते.

आता 'रडका'. २०२५च्या मास्टर्सची (चार मोठ्या स्पर्धा म्हणजे 'मेजर', त्यांतली एक) शेवटची रात्र मी खळ्यात काढली. लाइट अडीचला गेली होती. आमच्याकडे रेंज फक्त तुळशीवृंदावनाच्या बाजूला येते, तिथे पाट टाकून फोन कठड्याला टेकवून बसलो. मागे दोन गडी आंब्याच्या पेट्या भरत होते, वाशीची गाडी पाचला येणार होती. रोरीने पहिल्याच होलवर डबल बोगी केली, म्हणजे ठरल्यापेक्षा दोन फटके जास्त. तेराव्यावर नव्वद यार्डांच्या आतून, म्हणजे त्याने डोळे मिटून मारावा असा वेज (जवळचा उंच फटका), ओढ्यात घातला. मग पंधराव्यावर झाडाला वळसा घालून जवळ आणलेला तो शॉट. आणि अठराव्यावर पाच फुटांचा पट (चेंडू भोकात ढकलायचा फटका) चुकला. गडी विचारतो, "मास्तर, कोण गेलं काय?" बरोबरी झाली, आणि पावणेपाचच्या सुमारास प्लेऑफमध्ये जस्टिन रोझला हरवून तो गुडघ्यांवर कोसळला. २०११ साली याच ऑगस्टावर चार शॉटची आघाडी घेऊन शेवटच्या दिवशी ८० फटके मारणारा (इथे कमी तितके चांगले), २०१४नंतर एकही मेजर न मिळालेला माणूस होता तो. चारही मेजर जिंकणारा सहावा. तो नाही रडणार तर काय मी रडू? (रडलो थोडा.)

हे सगळं कशामुळे, तर हरण्याची भीती खरी असते म्हणून. २०१९ला उत्तर आयर्लंडातल्या पोर्टरशवर, स्वतःच्या घरच्या मैदानावर, रोरीने पहिल्या होलवर आठ मारले, दुसऱ्या दिवशी ६५ मारूनही एका शॉटने कट (दोन दिवसांनंतरची गाळणी) चुकला. घरी. याला स्पर्धा म्हणतात. लिव्हमध्ये कटच नाही. सुरू झाली तेव्हा शेवटून पहिल्यालाही १ लाख २० हजार डॉलर मिळत. रामने फेब्रुवारी २०२२मध्ये टूरशी निष्ठेची शपथ घेतल्यागत बोलून दाखवलं आणि डिसेंबर २०२३मध्ये लिव्हचं जाकीट घालून फोटो. यात शहाणपण दिसत असेल तर दिसो.

बांगडा आणि भाकरी

शीर्षक वाचून वाटलं राममंदिराच्या वर्गणीचं काहीतरी आहे. गोल्फ निघालं. चालू द्या.

चाकरमानी

मास्तर, पिंक म्हणालात, घ्या आता पूर्ण विडा.

माझे बाबा सतरा वर्षं दम्मामला वेल्डर होते. दोन वर्षांनी एकदा दोन महिने घरी. माझ्या मुंजीला नव्हते, आजी गेली तेव्हा नव्हते. त्या पैशांवर आमच्या घराचे चिरे उभे राहिले, बहिणीचं लग्न झालं, गावच्या देवळाच्या सभामंडपाला देणगी गेली. ती घेताना सौदीचा पैसा म्हणून कुणी नाक मुरडलं नाही. मग रामने घेतला की लगेच निष्ठा वगैरे? आपला गोल्फर अनिर्बान लाहिरी, पुण्यात जन्मलेला, टूरच्या २०२२च्या प्लेअर्स स्पर्धेत एका शॉटने दुसरा आला आणि त्याच वर्षी लिव्हला गेला. त्यालाही पळपुटा म्हणा ना. म्हणवत नाही.

आणि कटचं कौतुक कोण सांगतंय? शाळेतला मास्तर. पर्मनंट! तुम्ही कधी कट चुकलात आयुष्यात?

सुरूच्या बनातून

व्यक्तिगत होऊ नका. माझी वीस कलमं आहेत. डिसेंबरात आभाळ आलं, मोहोर काळा पडला की माझा कटच असतो.

तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे. पण ते गेले चूल पेटावी म्हणून. रामच्या घरी चूल विझली होती का? २०२१चं यूएस ओपन, २०२३चं मास्टर्स जिंकून झालं होतं. वर्तमानपत्रांनी तीस कोटी डॉलरच्या वरचे आकडे छापले.

चाकरमानी

कुणाची चूल किती पेटली की माणसाने थांबायचं, हे तुम्ही ठरवणार? बाबांनाही दहाव्या वर्षी गावातले विचारायचे, "आता बास झालं की, किती कमावणार?" विचारणारे सगळे पगारदार.

कातळ

गोल्फचं कौतुक करणाऱ्या दोघांनाही एकच विचारतो. हिरवळीला पाणी किती लागतं? आमच्या सड्यावर दोन वर्षांपूर्वी कुणी पार्टी जमिनी बघून गेली, रिसॉर्ट आणि 'नऊ होल' म्हणे. मे महिन्यात वाडीत टँकर येतो. त्या कातळावर आमची कातळशिल्पं आहेत, युनेस्कोच्या संभाव्य यादीत कोकणातली कातळशिल्पं गेली आहेत. त्यावर लॉन टाकून साहेब काठ्या फिरवणार. हा खेळच मुळात जमीन खाणाऱ्यांचा आहे.

सुरूच्या बनातून

कातळराव, सड्याबाबत तुमच्यासोबत आहे, मोर्चा काढलात तर येतो. पण खेळ मुळात जमीन खाणाऱ्यांचा नाही. स्कॉटलंडात तो सुरू झाला तो पुळणीवर. समुद्र आणि शेत यांच्या मधली वाळूची, नांगर न चालणारी पट्टी, वरती खुरटं गवत, वारा. लॉन कुणी लावलं नव्हतं. सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स आजही सार्वजनिक जागेवर आहे आणि एरवी रविवारी बंद असतो, गावातली माणसं त्यावर कुत्री घेऊन फिरतात.

कातळ

सेंट अँड्र्यूजला टँकर येत नसेल.

तांडेलाची लेक

मी बोटमालकाच्या घरातली. गोल्फ नवऱ्यामुळे बघते, आता नवऱ्यापेक्षा जास्त कळतं. मास्तरांचं आणि चाकरमानीदादाचं भांडण वाचून हसू आलं, कारण आमच्याकडे दर ऑगस्टला हेच होतं.

पूर्वी बोटीवर वाटे असायचे. डिझेल, बर्फ, रेशन वजा करून उरलेल्यात खलाशाचा वाटा. मासळी नाही तर वाटाही नाही. म्हणजे तुमचा कट. आता नेपाळहून मुलं येतात, त्यांना महिना ठरलेला पगार आणि आधी उचल. मासळी मिळो न मिळो. म्हणजे तुमचं लिव्ह. आता गंमत ऐका. पगारी मुलं कमी राबतात असं अजिबात नाही. पण मागल्या हंगामात एकाने आमच्याकडून पन्नास हजार उचल घेतली, नारळी पौर्णिमेला बोट काढायच्या दिवशी बघतो तर शेजारच्या बंदरात दुसऱ्याच्या बोटीवर जाळं ओढतोय! का, तर तिकडे साठ मिळाले. राम म्हणजे तो मुलगा. पगार घेतला यात पाप नाही. शब्द दिला होतास की नाही, एवढाच प्रश्न.

बांगडा आणि भाकरी

अगो बाय माझ्ये! ह्यां बरां जमलां. आता पुढच्या मास्टर्सक आमी तेका उचलखोरच म्हणतलंव.

चाकरमानी

ताई, उपमा झकास, पण अर्धी. त्या मुलाला तुमच्या बोटीवर जेवण काय मिळत होतं, झोपायला जागा काय होती, हेही लिहा. बाबांनी पहिली कंपनी सोडली तेव्हा तिकडचा मुकादमही "शब्द दिला होता" म्हणाला होता. पासपोर्ट त्याच्या कपाटात ठेवून.

तांडेलाची लेक

आमच्या बोटीवर जे मालक जेवतो तेच खलाशी जेवतो. माझ्या सासूच्या हातचं. पासपोर्ट-बिसपोर्ट आम्ही कुणाचा ठेवत नाही. माहीत नसेल तर बोलू नका.

चाकरमानी

बरं, ते शब्द मागे. जेवणाचे फक्त. डबा मिळणार असेल तर मीच भरती होतो.

मूळ मुद्दा. गॅरंटी मिळाली की माणूस बोथट होतो, हा मास्तरांचा सिद्धांत. मग २०२४च्या यूएस ओपनला पाइनहर्स्टवर काय झालं? लिव्हला जाऊन दोन वर्षं झालेला डिशॅम्बो अठराव्यावर पंचावन्न यार्डांवरच्या बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) चार फुटांवर चेंडू आणून जिंकला. आणि निष्ठावंत, उपाशी, धारदार रोरी? सोळाव्यावर तीन फुटांच्या आतला, अठराव्यावर चार फुटांच्या आतला पट चुकून, अभिनंदन न करता गाडीत बसून गेला. केप्का २०२३ची पीजीए चॅम्पियनशिप जिंकला तोही लिव्हमध्ये असताना.

सुरूच्या बनातून

दिलं. पाइनहर्स्ट दिलं, केप्का दिला. पण दोन्हीकडे कट होता बरं का. तुमच्या लिव्हच्या अंगणात बघा: २०२५ला निमन पाच स्पर्धा जिंकला आणि हंगामाचा विजेता राम, एकही न जिंकता. आमच्या शाळेत असा निकाल लावला असता तर पालकांनी मला पिंपळाला बांधला असता. आणि ५४ होल म्हणून रोमन आकड्यात नाव ठेवलं 'लिव्ह' (LIV). आणि २०२६पासून टूरसारखेच ७२ होल. पाटी तीच, दुकानात माल आमचा.

चाकरमानी

निमनचं मलाही पटलं नाही. पण ते गुणांकनाचं गाढवपण आहे, पैशाचं नाही.

कातळ

मी विचारलेल्या पाण्याचं कुणी उत्तर दिलं नाही.

तांडेलाची लेक

भांडण पुरे. इंग्लंडचा फ्लीटवूड घ्या ना. तो टूरवरच राहिला. अमेरिकेत दीडशेच्या वर स्पर्धा खेळून एकही जिंकला नव्हता. २०२५च्या ऑगस्टमध्ये अटलांटाला पहिली, मग ऑक्टोबरात दिल्लीत. माझी नणंद दिल्लीला असते, ती गेली होती. म्हणाली, दोन्ही बाजूंना झुडपं इतकी की रोरीने ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायची काठी) वापरलाच नाही, मध्येच जुन्या कबरी, त्यावर मोर. शेवटचा पट पडला आणि फ्लीटवूडचा पोरगा धावत ग्रीनवर गेला. बाबा जिंकल्यावर असं धावायला कधी मिळालंच नाही, असं तो म्हणाला होता म्हणे.

चाकरमानी

हे वाचून दोन मिनिटं काही लिहिलं नाही. बाबा सुट्टीवर यायचे तेव्हा मी एसटी स्टँडवर असाच धावायचो. तिसऱ्या खेपेला धावलो नाही, ओळखायला वेळ लागला.

असो. राम चूक नाही यावर मी ठाम.

सुरूच्या बनातून

राहा ठाम. एप्रिलमध्ये गावी याल तेव्हा रात्री खळ्यात या, पाट दुसरा आहे. पॉवर बँक तुमची.

चाकरमानी

येतो. पण रामचा पट पडला तर टाळी वाजवणार, गडी जागे झाले तरी.

तांडेलाची लेक

तुमचं ठरलं ना? मी जाते जेटीवर. पहाटे बोट काढायची आहे, यंदाच्या उचलवाल्याचा फोन सकाळपासून बंद लागतोय.