लिस्बनमध्ये चार रात्री, दोघंच: गुडघे सांभाळून काय बघावं?

अंगणवेल (वसई):

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या शेवटी आम्ही दोघं मुलीकडे जर्मनीला जातोय. यंदा लग्नाला तीस वर्षं होतात. तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच मुहूर्ताला आमचं झालं होतं. त्या निमित्तानं लेकीनं पहिल्या पगारातून आम्हा दोघांची श्टुटगार्ट ते लिस्बन (पोर्तुगाल) तिकिटं काढलीत. शुक्रवारी दुपारी पोहोचायचं, मंगळवारी दुपारी परत. ती येणार नाही. "तुम्ही दोघंच जा, आजवर कुठे गेला नाहीत," असं तिनं निक्षून सांगितलंय.

हे एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवत होते. दरवर्षी सातवीच्या मुलांना वसईच्या किल्ल्यात घेऊन जायचे आणि १५३४ पासून १७३९ पर्यंतची पोर्तुगीज राजवट तिथं उभं राहून सांगायचे. लिस्बनचं नाव ऐकल्यापासून जुन्या वह्या काढून बसलेत. म्हणून मला ही सहल नीट व्हायला हवी आहे.

अडचणी अशा: ह्यांचा उजवा गुडघा दुखतो, आणि लिस्बन म्हणजे सात टेकड्या असं वाचलं. हे शाकाहारी, अंडं चालतं. मी मासे खाते. ग्रुप टूरशिवाय परदेशात फिरायची ही पहिलीच वेळ. मैत्रीण म्हणते पोर्तो शहर आणि राजवाड्यांचं सिंत्रा केल्याशिवाय येऊ नका. चार रात्रींत हे सगळं बसतं का?

भटक्या८१:

बसतं की! दोन रात्री लिस्बन, दोन पोर्तो. रेल्वेने तीन-सव्वातीन तास लागतात, गाड्या भरपूर आहेत. पोर्तोची नदीकाठची वस्ती फार देखणी आहे. मधल्या एका दिवशी सिंत्रा उरकायचं. इतक्या लांब जाऊन एकच शहर बघणं मला तरी पटत नाही.

टेजोकाठ (लिस्बन):

ताई, मी मूळचा चिपळूणचा, सहा वर्षं इथं नोकरीला आहे. भटक्याभाऊंचा उत्साह समजतो, पण पोर्तोचा विचार सोडा असं मी आग्रहानं सांगेन. तुमच्या हातात पूर्ण दिवस तीनच आहेत. नोव्हेंबरअखेर इथं सव्वापाचलाच सूर्य मावळतो. त्यातले सहा-सात तास रेल्वेत, वर दोन वेळा बॅगा बांधायच्या आणि दोन हॉटेलं, मग बघणार काय? शिवाय सरांना जे बघायचं आहे ते लिस्बनमध्येच आहे.

तुमचे वार बघून लिहितो.

शनिवार साव व्हिसेंते द फोरा या मठासाठी ठेवा. लिस्बनमधली माझी सगळ्यात आवडती जागा ही, आणि गर्दी इथल्या किल्ल्यापेक्षा कितीतरी कमी. जुन्या भोजनगृहात ब्रगांझा राजघराण्याची दफनभूमी आहे. तिथं कातारिना द ब्रगांझाची कबर आहे. १६६१ च्या विवाहकरारात जिच्या हुंड्यात मुंबई इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली गेली, तीच ही. नवरा गेल्यावर ती मायदेशी परतली आणि १७०५ मध्ये इथंच वारली. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दहा मिनिटं नुसता उभा होतो. चर्चगेटला लोकलमधून उतरताना या बाईचा विचार कधी मनात आला नव्हता.

त्याच मठात वरच्या मजल्यावर निळ्या-पांढऱ्या टाइल्सवर फ्रेंच कवी ला फाँतेनच्या प्राणिकथा चितारल्यात, अडतीस चौकटी. ला फाँतेनने आपल्या दुसऱ्या कथासंग्रहात पिल्पे या भारतीय ऋषीचं ऋण मान्य केलंय, म्हणजे पंचतंत्राची परंपरा. सरांना प्रत्येक चौकटीसमोर थांबावंसं वाटेल, तेवढा वेळ हाताशी ठेवा. मठामागच्या मैदानात मंगळवारी आणि शनिवारी जुना बाजार भरतो, फैरा दा लाद्रा. जुनी नाणी, पोस्टकार्डं, फुटक्या टाइल्स असं सगळं मांडलेलं असतं. सकाळी लवकर जा.

रविवार बेलेंला. हा भाग नदीकाठी आणि सपाट आहे, गुडघ्याला त्रास नाही. काइश दु सोद्रे स्टेशनातून लोकल घ्या, दहा मिनिटांच्या आत पोचता. पंधरा नंबरची ट्रामही जाते, पण ती खच्चून भरते. जेरोनिमुश मठाच्या चर्चमध्ये शिरताच वास्को द गामाची कबर, समोर कवी कामोइंशची. रविवारी सकाळी मिस्सा (प्रार्थना) असते, म्हणून चर्च दुपारी बघा. बेलेंचा बुरूज बाहेरूनच पाहा. आतला जिना चिंचोळा, गोल आहे. त्याऐवजी शोधयात्रांच्या स्मारकाला लिफ्ट आहे. त्याच्या पायथ्याशी फरशीत दगडांचा मोठा नकाशा आहे, भारतापर्यंतच्या समुद्रमार्गांसकट. वरून तो अख्खा दिसतो.

सोमवारी बरीचशी संग्रहालयं आणि जेरोनिमुश बंद असतात, हे आधीच लक्षात ठेवा. त्या दिवसाचं खाली माई सांगतील, कारण सिंत्रा त्यांनी गुडघेदुखीसकट केलंय.

बाकी चढाचं म्हणाल तर युक्ती सोपी: वर ट्रामने किंवा टॅक्सीने जायचं, खाली चालत यायचं.

सांगलीची माई:

टेजोकाठ, तुमचं सगळं बरोबर, पण शेवटचं वाक्य तरुण माणसाचं आहे. दुखऱ्या गुडघ्याला चढापेक्षा उतार वाईट! इथले फुटपाथ म्हणजे पांढऱ्या चुनखडीचे छोटे चौकोनी दगड, वर्षानुवर्षं पायांनी घासून आरशासारखे झालेले. नोव्हेंबरात पाऊस पडतो आणि त्यावर पाय सरकतो. मी आल्फामा या जुन्या वस्तीच्या उतारावर ह्यांचा हात धरून एकेक पाऊल टाकत अर्धा तास उतरले, दुसऱ्या दिवशी पाय टेकवेना. अंगणवेल, सरांना नवे कोरे बूट घेऊ नका. रबरी तळव्याचे, आधी महिनाभर वापरलेले बूट हवेत. घडीची काठी बॅगेत टाका. आणि उतरतानाही टॅक्सीच करा. ॲपवरच्या टॅक्सी तिथं फार महाग नाहीत.

हॉटेल बाइशा भागात घ्या. १७५५ च्या भूकंपानंतर हा भाग सरळ रेषांत नव्यानं आखला, अख्खा सपाट आहे. तिथून वर जायला लिफ्ट आणि सरकते जिने आहेत, ते फुकट. बाइशा-शियादु मेट्रो स्टेशनात खालच्या दारानं शिरा, सरकत्या जिन्यांनी वर शियादुच्या चौकात निघा. गाडीत बसायचंच नाही! आम्ही गेलो तेव्हा सांता जुस्ता नावाच्या १९०२ च्या लोखंडी लिफ्टला लोक तासभर रांग लावत होते. आम्ही अशा रीतीनं वर गेलो आणि कार्मो मठाच्या मागल्या बाजूनं तिच्या वरच्या पुलाशी पोचलो. किल्ल्याच्या दिशेनंही फांकैरुश रस्त्यावरच्या एका इमारतीत लिफ्ट आहे. ती वर सोडते, तिथून चार पावलांवर एका सुपरमार्केटच्या इमारतीत दुसरी.

कार्मोचा मठ जरूर बघा, पण रविवारी तो बंद. भूकंपात छत कोसळलं ते पुन्हा घातलंच नाही. नुसत्या कमानी उभ्या आहेत आणि वर आभाळ. वसईच्या किल्ल्यातल्या चर्चांची ज्यांना सवय आहे त्यांना तिथं वेगळंच वाटेल.

आता सिंत्रा. रोसियो स्टेशनातून चाळीस मिनिटांची लोकल आहे आणि तिथले राजवाडे सोमवारी उघडे असतात, म्हणून जाता येईल. पण डोंगरावरच्या पेना राजवाड्याच्या मागे लागू नका. ठरावीक वेळेचं तिकीट, बसची रांग, वर पुन्हा चढ, आणि हिवाळ्यात धुकं असलं तर समोरची भिंतही दिसत नाही. गावातच दोन उंच, शंकूसारख्या पांढऱ्या धुराड्यांचा जुना राजवाडा आहे. तेवढाच निवांत पाहा. त्या धुराड्यांखाली राजवाड्याचं स्वयंपाकघर आहे. मला तर दरबारापेक्षा तेच आवडलं.

थकलात तर सिंत्राही सोडा. काइश दु सोद्रेहून कासिल्याशला बोट जाते, दहा मिनिटांची. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पलीकडे जा आणि नदीकाठी उभं राहून लिस्बन बघा. आमच्या अख्ख्या सहलीत ह्यांनी स्वतःहून माझा हात धरला तो तिथं.

सुरंगी (वेंगुर्ला):

मी खाण्याचंच बोलते. ताई, बसल्याबरोबर टेबलावर पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतील. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता "नको" म्हणून परत द्या, कुणी रागावत नाही.

सरांसाठी वाक्य पाठ करा: "सें कार्न, सें पैश", मांस नको, मासे नको. नुसतं मांस नको म्हटलं तर मासा आणून देतात. काल्दु व्हेर्द हे पालेभाजीचं सूप दिसतं निरागस, पण त्यात डुकराच्या सॉसेजची चकती असते. भाज्यांचं साधं सूप मागा, तरी विचारून घ्या. आणि पैशिन्युश दा ओर्ता मिळालं तर सोडू नका. शब्दशः अर्थ "बागेतले छोटे मासे", पण असतात फरसबीच्या शेंगा, पिठात बुडवून तळलेल्या. आपली भजीच! जपानी तेंपुराचं मूळ हेच असं मानतात.

तुम्ही बकाल्याव खा, खारवलेला सुका कॉड. तो मासा त्यांच्या समुद्रातला नव्हेच, थेट उत्तरेकडून येतो. दुकानात त्याच्या थप्प्या बघितल्यावर आपला सुक्या मासळीचा बाजार आठवतो. कोळशावरची सार्डिन उन्हाळ्यातली, आत्ता तिचा हट्ट नको. नोव्हेंबरात रस्त्यावर भाजलेले चेस्टनट मिळतात, कागदाच्या पुडीत गरमागरम. धुराच्या वासावरून गाडी सापडते.

बेलेंमध्ये १८३७ पासूनचं पास्तेलचं (कस्टर्ड भरलेल्या छोट्या टार्टचं) दुकान आहे. बाहेरची रांग बघून परतू नका. ती बहुतेक पार्सलची असते, आत बसायला खोल्यांमागून खोल्या आहेत. वर दालचिनी भुरभुरून खा. ह्या पास्तेलांत अंडं असतंच, आणि काही ठिकाणी पारीत चरबी वापरतात, तेव्हा सरांना आधी विचारू दे.

टेजोकाठ (लिस्बन):

माई, उताराचं मान्य. माझ्या लक्षातच आलं नाही, माफ करा.

दोन गोष्टी राहिल्या. मेट्रो-ट्रामचं नावेगांते कार्ड अर्ध्या युरोला मिळतं, दोघांना दोन घ्या, एकावर दोघं चालत नाहीत. त्यात पैसे भरले की मेट्रो, ट्राम, सिंत्राची लोकल, कासिल्याशची बोट सगळं चालतं. अठ्ठावीस नंबरच्या पिवळ्या ट्राममध्ये पाकीट पुढच्या खिशात ठेवा. मार्तिम मोनिशला चढायला मोठी रांग असते, सकाळी आठच्या आत गेलात तर बसायला जागा मिळेल. आणि हॉटेल घेताना खोलीत हीटर आहे का ते विचाराच. थंडी जर्मनीपेक्षा कमी, पण इथली जुनी घरं आतून गार असतात. हॉटेलात माणशी रात्रीला ४ युरो शहर-कर वेगळा द्यावा लागतो, तो धरून चला.

अंगणवेल (वसई):

सगळ्यांचे मनापासून आभार. पोर्तो रद्द. ह्यांनी तुमचं सगळं वहीत उतरवून घेतलंय, आणि पुढच्या पानावर पोर्तुगीजांकडून आलेले आपले शब्द लिहिलेत: पाव, बटाटा, चावी, साबण, काजू, अननस, पगार, घमेलं. तिथल्या पाट्यांवर यातले किती सापडतात ते बघायचंय म्हणाले.

अंगणवेल (वसई):

परत आलो. तुम्हा सगळ्यांना सांगितल्याशिवाय राहवत नाही.

शनिवारी साडेनऊला टॅक्सीनं साव व्हिसेंतेला गेलो. बाहेर पाऊस, आत आम्ही आणि आणखी दोन-तीन माणसं. हे भिंतीलगतची एकेक नावं वाचत गेले आणि कातारिनाचं नाव सापडल्यावर चष्मा काढून पुसला. मग मला हळू आवाजात अख्खा विवाहकरार सांगितला. मुंबईचं बेट, आफ्रिकेतलं तंजियर बंदर, सगळं. तीस वर्षांत मी ह्यांचा तास कधी ऐकलाच नव्हता, कारण माझी दहाची लोकल असायची. वर टाइल्सपाशी आम्ही दीड तास होतो.

जुन्या बाजारात फार थांबता आलं नाही, पावसानं बरेच लोक आवरून निघाले होते. तरी एक निळी टाइल घेतली, कोपरा उडालेली. पुठ्ठ्यात गुंडाळून हातातून आणली.

रविवारी वास्को द गामासमोर हे फार वेळ उभे राहिले नाहीत. "ह्याला मी मुलांपुढे पुष्कळ वेळा उभा केलाय," म्हणाले आणि बाहेर आले. दुकानात पावाची पाटी दिसली तेव्हा मात्र लहान मुलासारखे खूश झाले. चावी सापडली, साबण सापडला, अननसही. घमेलं राहिलं.

सोमवारी सिंत्रा सोडलं. शियादुचे सरकते जिने, मग कार्मो, आणि दुपारनंतर बोट. माई, तुम्ही म्हणालात तिथंच उभे होतो. पाऊस थांबला होता, पुलावरचे दिवे लागले होते. चेस्टनटची पुडी मी सोलत होते आणि हे खात होते. मग म्हणाले, "किल्ल्यात पुढच्या वेळी तूही चल."