आईच्या रक्त पातळ करायच्या गोळीचा डोस एआय सुचवणार म्हणे, भरवसा ठेवावा का?

चादरवाला_सोलापूर
नमस्कार मंडळी. आईला (६४ वर्षं) हार्टमध्ये मेटलची झडप बसवून चार वर्षं झाली, तेव्हापासून असिट्रॉम (तीच रक्त पातळ करायची गोळी) चालू आणि दर महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी, आकडा जास्त तितकं रक्त पातळ. डॉक्टरांनी ३ च्या आसपास ठेवायला सांगितलंय, पण डिसेंबरात ४.४ आला आणि आता १.८, काही मेळच लागंना. आता डॉक्टर म्हणतात एआयचं सॉफ्टवेअर घेतलंय, ते जुने रिपोर्ट बघून डोस सुचवतं, मी तपासूनच लिहून देणार. डॉक्टर चांगले आहेत ओ, पण कमी पडलं तर झडपेवर गुठळी, जास्त झालं तर रक्तस्राव, झोप लागत नाही. कुणाला अनुभव?

रेसिडेंट_एमडी
घाबरू नका, कॉम्प्युटरनं डोस काढणं नवीन नाही. वय, वजन आणि जनुकं धरून वॉरफरिनचा (रक्त पातळ करायची दुसरी गोळी) डोस काढायचं सूत्र २००९ लाच न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय मासिकात आलंय. पण एक नक्की विचारा, तुमचं सॉफ्टवेअर असिट्रॉमसाठी बनवलंय का फक्त वॉरफरिनसाठी? दोन्ही एकाच जातीच्या गोळ्या, पण असिट्रॉमचा असर लवकर उतरतो आणि मिलिग्रॅमही सारखे नाहीत, एकीचा हिशोब दुसरीला लावला तर धोका आहे.

सातरस्ता_मेडिकल
वीस वर्षं काउंटरवर उभा आहे म्हणून सांगतो, रिपोर्टात जे नाही ते मशीनला कुठनं कळणार? जुलाबाला मेट्रोनिडॅझोल घेतलं की आयएनआर सरसर वर जातो, पेशंट डॉक्टरला सांगत नाही कारण "साधी गोळी होती". गुडघ्याची पेनकिलर तर कृपा करून मनानं घेऊ नका, रक्तस्रावाची भीती असते.

भाकरी_शेंगाचटणी
आमच्या वडलांचं दर थंडीत असंच, गड्ड्याच्या यात्रेच्या (सोलापुरात संक्रांतीला भरते ती) सुमारास आयएनआर खाली. मेथी स्वस्त होते मग दोन्ही वेळा भाकरीबरोबर कच्ची मेथी, त्यात व्हिटॅमिन के भरपूर, त्यानं या गोळीचा असर कमी होतो. भाजी बंद करू नका, वर्षभर साधारण तेवढीच ठेवा. आम्ही कॅलेंडरवर गोळी, भाजी, दुसरं औषध सगळं लिहितो आणि तेच डॉक्टरांपुढं ठेवतो.

चादरवाला_सोलापूर
आत्ताच आईला विचारलं. डिसेंबरात जुलाबाची गोळी घेतलेली, शेजारच्या काकूंनी दिली होती, पाकीट फेकून दिलंय. आणि संक्रांतीपासून मेथी रोज. हे आम्ही डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. उद्या सकाळीच फोन करतो, असिट्रॉमचंही विचारतो, तोवर डोसला हात लावत नाही.